अक्काला पुरणारी पुस्तकं

लातूरच्या ट्यूशन एरियात मुलींच्या एका हॉस्टेलवर उमादेवी हालकुडे ही रेक्टर आहे. वय एकोणसाठ, गुडघे त्याहून म्हातारे, तोंड मात्र अजून तिखट. मुली तिला अक्का म्हणतात, कारण ती मूळची उदगीरकडची आणि तिकडं थोरल्या बहिणीला अक्काच म्हणतात. ह्या बाईला जगातली कुठलीच गोष्ट पटकन पसंत पडत नाही. मेसची आमटी पांचट, नव्या फरशा निसरड्या, फिजिक्सचे सर नाकानं कांदे सोलणारे. पण तिचा खरा दात कुणावर असेल, तर तो येणाऱ्या काळाच्या कादंबऱ्या लिहिणाऱ्यांवर.

तुम्ही म्हणाल, हॉस्टेलच्या रेक्टरीणबाईला विज्ञान कादंबऱ्यांशी काय करायचंय? थांबा जरा, सांगतो.

अक्का आधी जळकोटच्या एका वाचनालयात बारा वर्षं शिपाई होती. शिपाई म्हणजे झाडायचं, पुसायचं, पेपर लावायचे आणि वाचक नसताना पुस्तकं राखायची. वाचक नसायचेच. मग बसून बसून करणार काय, तिनं एका कडेनं कपाटं वाचायला घेतली. सामाजिक कादंबरीत बाई रडायला लागली की अक्का पुस्तक मिटायची. ‘रडायचं तर घरी रड की माय, इथं कशाला यायलीस,’ म्हणायची. ऐतिहासिकमध्ये तलवारीच फार. पण दोन हजार नव्वद साल, मंगळ, यंत्रमाणसं, उजाड झालेली शहरं असलं काही हाती लागलं की मात्र ती लेखकाच्या सात पिढ्या काढत काढत शेवटच्या पानापर्यंत जायची. स्वयंपाकाला नावं ठेवत ताट चाटूनपुसून खाणारी माणसं असतात, त्यातली ही. कुणी म्हटलं की अक्का, तुम्हाला आवडतात की ही पुस्तकं, तर फणकारायची. ‘आवडायला काय झालंय. खोट किती हाय ते बघते.’

वाचनालय बंद पडलं तेव्हा ती लातूरला आली. हॉस्टेलचे मालक नागप्पा सर. सर कशाचे, ते कुणी विचारू नये. आधी ते बियाणं आणि खत विकायचे. बियाण्यापेक्षा पोरं खात्रीनं उगवतात हे ध्यानात आल्यावर त्यांनी दुकान मोडलं आणि चार मजले चढवले. ते मुलींना नंबरानं हाक मारतात; मुली सव्वीसच, पण नंबर पहिल्या वर्षापासून पुढं चालत आलेले. एकशे बाराला बोलवा, शहाण्णवला ताप आहे का बघा. साडेचारला घंटा, पाचला हजेरीचा अंगठा, सहा ते एक क्लास, दोन ते पाच हॉलमध्ये बसून अभ्यास, संध्याकाळी टेस्ट, जेवल्यावर पुन्हा अभ्यास, साडेअकराला दिवा बंद. दर सोमवारी खालच्या भिंतीवर मार्कांची यादी लागते आणि शेवटच्या दहा नंबरांखाली लाल रेघ असते. गेटवर कॅमेरा, जिन्यात कॅमेरा. हॉलमध्ये कॅमेरा नाही, तिथं अक्का आहे. दोन ते पाच ह्या वेळात तिनं दर वीस मिनिटांनी वर जायचं आणि पेंगणाऱ्या मुलीला उभं करायचं, हे तिचं मुख्य काम. जोडीला रविवारची झडती. उशा, गाद्या, कपाटं. मोबाइल आणि गोष्टीचं पुस्तक सापडलं तर जप्त. पहिल्यांदा नुसती जप्ती, दुसऱ्यांदा घरी फोन, तिसऱ्यांदा वळकटी गेटबाहेर. जप्त माल ऑफिसात जमा करायचा, असा नियम.

मोबाइल अक्का इमानानं जमा करायची. पुस्तकं तेवढी तिच्या खोलीत जायची.

आता ह्यात कुणाचं काय बिघडत होतं? नागप्पा सरांनी आयुष्यात खताच्या पोत्यावरच्या सूचनेपलीकडं काही वाचलेलं नव्हतं. पुस्तकं ऑफिसात नेली असती तर रद्दीत गेली असती. अक्काच्या खोलीत ती निदान शिव्या तरी खात होती. दुपारी दोन वाजता मुली वर हॉलमध्ये गेल्या की ती दार लोटून, शेंगदाण्याची वाटी घेऊन बसायची, आणि ओळीच्या कडेला पेन्सिलीनं शेरे मारायची. ही जळकोटची सवय. तिथं कुणी वाचतच नसल्यानं तिच्या शेऱ्यांना कधी कुणी हरकत घेतली नव्हती.

गेल्या दोन वर्षांत मुलींच्या उशाखाली सापडू लागल्या त्या सगळ्या ह्याच जातीच्या नव्या कादंबऱ्या. अक्काला नवल वाटलं. पूर्वी प्रेमाच्या सापडायच्या. तिनं मनाशी म्हटलं, पिढी सुधारली म्हणायची. आणि वाचायला घेतली.

पुस्तकांची खरी नावं तिच्या ध्यानात राहत नसत. ती आपली नावं ठेवायची. पहिलं पाण्याचं. त्यात म्हणे शंभर वर्षांनी एका शहरात नळाला पंधरा दिवसांनी पाणी येतं, आणि ते वाचून माणसानं घाबरायचं. अक्कानं कपाळाला हात लावला. पंधरा दिवस? लातूरच्या माणसाला हे सांगतोस होय रे बाबा? आणि त्यातली नायिका भरली घागर घेऊन शिपायांपासून पळते. कडेला अक्कानं लिहिलं, ‘भरली घागर घेऊन पळून दाखव. मग लिही.’

दुसरं चिपवालं. मानेत चिप बसवतात आणि कोण कुठं गेलं ते सरकारला कळतं. चारशे पानं नुसतं हेच. अक्का म्हणाली, आमच्या गावात कोण कुणाच्या गाडीवर बसली ते गाडी थांबायच्या आत माहेरी कळायचं, त्याला कुणी चिप बसवली नव्हती. तिसऱ्यात एक मशीन सोयाबीन काढता काढता कविता करतं. ‘मशीनला सुचते कारण त्याची कंबर दुखत नाही,’ असा शेरा. ती त्या दिवशी एकटीच इतकी हसली की मेसमधून बबिता पोळ्या टाकून बघायला आली.

आणि मग नंबराचं.

हे जरा निराळं होतं. एका उंच भिंतीआड मुलं ठेवलेली असतात. त्यांना नावं नसतात, नंबर असतात. आठवड्याला परीक्षा, निकाल भिंतीवर, आणि खाली घसरलेलं पोर दुसऱ्या दिवशी दिसत नाही. अक्काला ह्यात भीतीदायक काही सापडलं नाही. ती म्हणाली, लेखकानं आमचं टाइमटेबल उचललं आणि तीनशे पानांचं केलं, कष्ट कशाला करावेत म्हणते मी. पण त्यात एक राखणीण होती. मुलांच्या कोठीची किल्ली तिच्या कमरेला. दुष्ट, जाड, खेकसणारी. तीनशे पानं ती मुलांना छळते आणि शेवटच्या पानावर तिला एका मुलीचं रडणं ऐकू येतं, ती किल्ली हातात घेऊन दारापाशी उभी राहते. पुढं? पुढं काही नाही. भाग पहिला समाप्त.

आठ दिवस अक्का कुणाशी धड बोलली नाही. बबिताला पोळ्या लाटता लाटता तिनं ती सगळी कथा ऐकवली, आणि वर स्वतःच निकाल दिला. ‘उघडणार न्हाई बग ती. कशी उघडेल? नोकरी हाय तिची. दार उघडल्यावर तिला दोन टाइम कोण घालणार, हा लेखक? ह्यांच्या पुस्तकात रखवालदाराला गुडघे नसतात, घर नसतं, जावई नसतो. नुसतं मन असतं, आन् ते बी शेवटच्या पानावर उगवतं.’

बबिता म्हणाली, ‘मग कशाला वाचायलाव?’

‘खोट काढायला.’

तर ते आठ दिवस गेले आणि फेब्रुवारीतला तो रविवार उजाडला. अक्का झडतीला निघाली तर मागं नागप्पा सर. कधी नव्हे ते स्वतः. कुणा पालकानं तक्रार केली होती की हॉस्टेलात शिस्त उरलेली नाही, म्हणून सर शिस्त बघायला आले होते. नऊ नंबरच्या खोलीत अक्कानं पुनमची उशी उचलली. खाली नवं कोरं जाडजूड पुस्तक. नंबराचं, भाग दुसरा.

खरं सांगायचं तर अक्काच्या छातीत आधी आनंदच उठला. मग तिला सरांची आठवण झाली.

पुनम ही बिलोलीकडची. वडील लाइनमन. गेल्या वर्षी डॉक्टरकीच्या परीक्षेत थोडक्यात राहिली, म्हणून हे दुसरं वर्ष, आणि वडिलांनी सांगून टाकलेलं की तिसरं नाही. भिंतीवरच्या यादीत पहिल्या पाचात असायची. परीक्षेला तीन महिन्यांच्या आत राहिलेलं.

‘एकशे बारा,’ सर म्हणाले. ‘कितवी वेळ हिची?’

सरांना काही ठाऊक नव्हतं. आधीचं एकही पुस्तक ऑफिसात गेलेलं नव्हतं, दुसऱ्यांदाचा घरचा फोनही अक्कानं केला नव्हता, कारण फोन केला तर पुस्तक कुठंय हा प्रश्न येणार. पहिलीच, म्हणाली असती तरी कुणी विचारणारं नव्हतं. पण उचलली जीभ, लावली टाळ्याला. बारा वर्षं वाचनालयात आणि सात वर्षं हॉस्टेलात जिनं विचारल्याबरोबर आकडा सांगितला, तिच्या तोंडून आकडाच आला.

‘तिसरी,’ अक्का म्हणाली.

सरांनी पुस्तक उलटंपालटं करून पाहिलं, वासही घेतला बहुतेक, आणि म्हणाले, ‘उद्या बापाला बोलवा. कपाट रिकामं करून ठेवा हिचं.’ आणि शिस्त बघून झाल्यामुळं ते जेवायला गेले.

तिसऱ्यांदाची मुलगी गेली म्हणजे नुसती ह्या हॉस्टेलातून जात नाही. ट्यूशन एरियातल्या हॉस्टेलवाल्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. काढलेल्या मुलीचं नाव त्यावर तासाभरात फिरतं आणि मग तिला कुणी जागा देत नाही. म्हणजे क्लास बंद, टेस्ट बंद, परीक्षेचा अभ्यास बिलोलीत घरी बसून. पुनमचं वर्ष गेलं, हे नऊ नंबरच्या खोलीतल्या चारही जणींना कळलं होतं. अक्कालाही कळलं होतं. ती म्हणाली, ‘नियम सगळ्यांना मालूम हाय. माझ्याकडं काय बघायलाव?’ आणि कपाट रिकामं करायला लागली.

कपाटाच्या दाराच्या आत टाइमटेबल चिकटवलेलं होतं. ते ओढून काढलं तर त्याच्या मागं आणखी एक कागद निघाला. वर सुवाच्य अक्षरात मथळा, ‘अक्काला पुरणारी पुस्तकं’. अक्कानं चष्मा लावला.

‘पाण्याचं: दोन दुपारी. लवकर वैतागली.

चिपवालं: साडेतीन दुपारी. जाड आहे पण मधली पानं गाळते.

सोयाबीनचं मशीन: एकच दुपार. हसून संपवलं. असं परत आणू नये.

नंबराचं, भाग एक: सहा दुपारी! भाग दुसरा जिचा मामा पुण्याला असेल तिनं ताबडतोब मागवावा.’

अशी अकरा पुस्तकं. प्रत्येकापुढं मुलीचं नाव, कुणाच्या उशाखाली ठेवायचं ते. पुनमच्या नावापुढं तीन रेघा, तिसरी नव्या शाईतली. खाली बारीक अक्षरात सूचनाही होत्या. प्रेमाचं नको, उघडूनसुद्धा बघत नाही. मंगळ चालतो. परदेशी नावं असली की चिडते, पण चिडून जास्त वाचते.

अक्का पुनमच्या रिकाम्या पलंगावर बसली. आता ध्यानात आलं. दोन दिवाळ्यांमागं महामायाची आई हटून बसली होती की लेकीचं पुस्तक द्या, ते लायब्ररीचं आहे. तेव्हा तिनं चिपवालं परत केलं होतं. पानापानांत शेंगदाण्याची फोलपटं आणि कडेला आपल्या अक्षरातले शेरे, तसंच्या तसं. जळकोटची सवय. पोरींना सगळं कळलं होतं, आणि तिला वाटत होतं की पिढी सुधारली.

तिनं पुनमला समोर बसवलं. बाकीच्या तिघींना बाहेर घालवलं.

‘हे काय गं?’

पुनमनं कागद बघितला. नाही म्हणण्यात अर्थ नव्हता. ‘यादी हाय अक्का.’

‘मला येडी करायलाव व्हय? दोन वर्षं? आन् मी इथं वाचत बसले की तुम्ही वर काय करीत व्हता?’

‘झोपत होतो.’

‘खरं बोल. फोन? गच्चीवर जात व्हता? कुणी भेटायला येत व्हतं?’

‘न्हाई अक्का. झोपत होतो. सव्वीस जणी. एकजण जिन्यात पुस्तक उघडून बसायची, तुमचं दार वाजलं की सगळ्यांना उठवायची. रात्री पाचच तास मिळतात. दुपारी टेबलावर डोकं ठेवलं की दोन तास मिळायचे. नंबराच्या पुस्तकाला तर सहा दिवस लागोपाठ मिळाले. त्या आठवड्यात समद्यांचे मार्क वाढले.’

अक्काला राग आला, आणि कशाचा आला तेच तिला धड कळेना. पोरींनी फसवलं ह्याचा म्हणावं, तर फसवण्यासारखं त्यांनी केलं तरी काय? ज्या कादंबऱ्यांतली पोरं तारांखालून पळतात, यंत्रं फोडतात, त्यांना ती उठता बसता हसत होती. आणि इथं सव्वीस पोरींनी पैशाला पैसा जोडून, मामा-काकांना कामाला लावून एवढं मोठं कारस्थान केलं ते कशासाठी, तर टेबलावर डोकं ठेवण्यासाठी. एकाही लेखकाला हे सुचलं नव्हतं. आणि कुठल्याही पुस्तकातली राखणीण इतक्या स्वस्तात फसली नव्हती, तेही शेंगदाणे खात.

‘मग दोन रेघा झाल्यावर तिसरं तुझ्याच उशाखाली कशाला ठेवलं?’

‘बाकीच्या खोल्यांतल्या पोरी भ्यायल्या होत्या, आन् आमच्या खोलीत समद्यांच्या दोन दोन झाल्या होत्या. कुणीतरी तिसरी घ्यायलाच पाहिजे होती. मी म्हणलं, दुसरा भाग हाय, अक्का आठ दिवस त्याच्यासाठी तडफडायल्यात. त्या गप बसतील.’

‘सर नसते तर बसले असते.’

‘पण सरांना काय मालूम होतं अक्का?’ पुनमनं विचारलं. आवाजात राग नव्हता, अगदी गणित अडल्यासारखं विचारलं. ‘तिसरी कशाला म्हणलात?’

अक्कानं यादीची घडी घालून कमरेला खोचली. ती म्हणाली, ‘वळकटी बांध.’

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं पुनमचे वडील आले. भुजंगराव नाव. कामावर निघालेला माणूस वाटेत वळवावा तसे, खाकी शर्टावरच. ऑफिसात नागप्पा सर खुर्चीत, समोर टेबलावर पुरावा म्हणून नंबराचं दुसरं पुस्तक, आणि सरांनी टाइप करून आणलेला कागद. मुलीकडे तीन वेळा अवांतर पुस्तकं सापडली, रेक्टरनं समक्ष पाहिली, सबब प्रवेश रद्द. खाली अक्कानं सही करायची.

भुजंगरावांनी मुलीला काही विचारलं नाही. सरांनाही विचारलं नाही. ते अक्काकडं वळले. ‘मॅडम, तुम्ही रोज बघताव. तुम्हीच सांगा. माझी पोरगी वाया गेली का?’

आता ही कादंबरी असती तर अक्कानं पदर खोचला असता. ती म्हणाली असती, पुस्तकं मीच वाचत होते, पोरी माझ्यासाठी आणत होत्या, आधीची दहा माझ्या पलंगाखाली आहेत, काढायचं तर मला काढा. सरांची बोबडी वळली असती, बापाचे डोळे भरून आले असते, आणि लेखकानं खाली ‘समाप्त’ लिहून चहा मागवला असता. अक्काच्या जिभेवर ते सगळं आलंही होतं. खोटं कशाला बोलू, पहिला शब्द ओठांपर्यंत आला होता. पण त्याच वेळी तिला नांदेडच्या जावयाचं घर दिसलं. लेक दीपमाला चांगली आहे, पण स्वयंपाकघरातल्या कोपऱ्यात चटईवर निजायचं, आणि टीव्हीचा आवाज कमी करा म्हणायचीही चोरी. इथं तिला खोली होती. दाराला आतून कडी होती.

‘नियम हाय,’ अक्का म्हणाली.

‘तसं न्हाई विचारलं मी,’ भुजंगराव म्हणाले.

‘अभ्यासाला बरी हाय. पण नियम हाय.’

सरांनी विचारलं, ‘आधीची दोन पुस्तकं कुठं आहेत? जमा दिसत नाहीत.’

‘रद्दीत घातली,’ अक्का म्हणाली, आणि पुनमनं तेवढं एकदा तिच्याकडं पाहिलं. तिनं तोंड उघडलं असतं तर अक्काची खोली त्याच घटकेला गेली असती. एक वाक्य पुरे होतं. पुनम बोलली नाही. अठरा वर्षांची पोर, वर्ष बुडालेलं, समोर बाप मान खाली घालून बसलेला, आणि तिनं ह्या बाईला वाचवलं. अक्कानं सही केली. सही करताना तिचा हात कापला बिपला नाही. कापला असता तर आपल्याला जरा बरं वाटलं असतं, पण नाही कापला.

सरांनी मोबाइल काढून ग्रुपवर नाव टाकलं. पुस्तक अक्काच्या पुढ्यात सरकवून म्हणाले, ‘हेही घाला रद्दीत.’

गेटपर्यंत अक्का गेली. जायचं कारण नव्हतं, पण गेली. भुजंगराव वळकटी खांद्यावर टाकून रिक्षा बघायला पुढं झाले. पुनम पेटीपाशी उभी होती. अक्काला वाटलं, आता ही रडेल किंवा शिव्या देईल. दोन्हीची तिची तयारी होती. शिव्या दिल्या असत्या तर उलट बोलता आलं असतं.

‘अक्का,’ पुनम म्हणाली, ‘ते सावकाश वाचा. समद्यात जाड तेच हाय. पुढच्या रविवारी मोठी टेस्ट हाय, तोवर पोरींना पुरलं पाहिजे.’

आणि पेटी उचलून ती रिक्षात बसली.

दुपारी दोनला मुली हॉलमध्ये गेल्या. अक्का खोलीत आली, दार लोटलं, पुस्तक मांडीवर घेतलं. पहिलंच पान उघडलं तर राखणीण किल्ली घेऊन तशीच उभी. अक्कानं दोन ओळी वाचल्या आणि पुस्तक मिटून बाजूला ठेवलं. तिला त्या बाईचं पुढं काय होतं हे जाणून घ्यायचं नव्हतं. लेखकाला एक शिवी हासडावी म्हणून तिनं तोंड उघडलं, पण ती शिवी लेखकाकडं जाईना. खोलीत बसवेना म्हणून ती उठली आणि गुडघ्यावर हात देत जिना चढली. जिन्यात कुणीही बसलेलं नव्हतं.

हॉलचं दार तिनं ढकललं. पंचवीस मुली ताठ बसलेल्या. समोर फिजिक्स, केमिस्ट्री, वह्या, सगळं उघडं. डोळे तांबडे. महामायाची मान पुढं कलली आणि अक्काला बघताच तिनं ती अशी झटकन वर घेतली की मागच्या भिंतीवर डोकं आपटलं. तिनं चोळलंसुद्धा नाही.

अक्का दारातच थांबली. मग म्हणाली, ‘झोपा गं जरा.’

कुणी हललं नाही.

‘मी म्हणायले ना. टेबलावर डोकी ठेवा. मी बसते जिन्यात. सर आले तर सांगते.’

एकीनं पान उलटलं. दुसरीनं पेनाचं टोपण काढलं. पुढच्या बाकावरची शिवकन्या, पुनमच्याच खोलीतली, उभी राहिली आणि बाकीच्यांच्या वतीनं अगदी अदबीनं म्हणाली, ‘न्हाई मॅडम. आम्हाला झोप आलेली न्हाई.’

अक्का नव्हे, मॅडम. उमादेवी हालकुडे पाच वाजेपर्यंत जिन्यात बसून राहिली. आत कुणीही झोपलं नाही.